आजोबांच्या कागदांवर दोन जन्मसालं आहेत, खरं कुठलं धरायचं?

तुमचं म्हणणं असं की आजोबा तेलंगणातून सोलापूरला आले, शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1931, मिलच्या कागदावर 1925 आणि 1942 ला कामाला लागले, वर दोन्हीकडं नाव वेगळं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी हेच आहे ओ, लगेच दोन माणसं समजू नका.

1 जून तर सोडूनच द्या, मास्तरांनी अंदाजानं टाकलेली तारीख ती, निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी. मिलचं साल पण जसंच्या तसं घेऊ नका. 1934 च्या फॅक्टरी कायद्यात 12 च्या आतल्या पोराला कामावर घ्यायचं नाही, 15 च्या आतल्याला दिवसाला पाचच तास, 17 पूर्ण झाला की मोठा माणूस. 1925 लावलं की 1942 ला बरोब्बर 17 भरतात, जॉबरनं, म्हणजे मिलमध्ये माणसं भरणाऱ्या मुकादमानं, जुळवलं का घरच्यांनी ते देव जाणे पण मला तरी जुळवलेलंच वाटतं.

आमच्या आजोबांचं घोडं असंच अडलेलं, ते सुटलं त्यांच्या धाकट्या बहिणीमुळं. ती इथंच जन्मली, नगरपालिकेच्या जन्म रजिस्टरात 1929 ची नोंद, बापाचं नाव, धंदा विणकाम. आता धाकटी 1929 ची म्हटल्यावर थोरला 1931 चा कसा होईल? जन्मल्या जन्मल्या झालेली नोंद, त्यात कुणाला नोकरी मिळवायची नाही का पेन्शन, म्हणून मी तिला जास्त वजन देतो. मग पणजोबांच्या तेलुगू हिशेबाच्या वहीत पोराचा जन्म 1337 फसली असा सापडला. निजामाच्या राज्यात हेच साल चालायचं, 590 मिळवायचे आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू, म्हणजे ऑक्टोबर 1927 ते ऑक्टोबर 1928. पणजी म्हणायची प्रभव संवत्सरातला, म्हणजे पंचांगातल्या साठ नावांच्या वर्षांपैकी एक, ते 1927 च्या पाडव्यापासून 1928 च्या पाडव्यापर्यंत. दोन्ही जिथं एकावर एक येतात तेवढाच काळ धरला, ऑक्टोबर 27 ते मार्च 28, नेमकी तारीख नाहीच मिळाली.

नावाचं म्हणाल तर तिकडं घराण्याचं नाव आधी लिहितात, इथला कारकून त्यालाच पोराचं नाव समजतो, तुमच्या दोन नावांत तेच शब्द उलटसुलट आहेत का बघा. गाव शोधताना जुना जिल्हा धरून बसू नका, 2016 ला तेलंगणात जिल्हे फुटले, करीमनगरातलं सिरसिल्ला आता वेगळ्या जिल्ह्यात आहे. आणि वंशावळीत 1931, 1925 दोन्ही राहू द्या, फक्त पुढं कुठल्या कागदावरनं घेतलं ते लिहा.