सातपूरच्या कारखान्यातील युनिफाय कंट्रोलरवर (वाय-फाय व नेटवर्कची उपकरणे सांभाळणारी यंत्रणा) स्क्रिप्टचे लॉगिन यशस्वी होते, तरी पुढच्याच विनंतीला ४०१ (ओळख पटली नाही, असा एरर कोड) का येतो?

लॉगिननंतर मिळालेली कुकी (लॉगिन झाल्याची खूण) आपली स्क्रिप्ट पुढच्या विनंतीसोबत परत पाठवत नसावी, म्हणून कंट्रोलर ती विनंती अनोळखी समजून ४०१ देतो. पायथनमध्ये दर वेळी सुटी विनंती करण्याऐवजी रिक्वेस्ट्स लायब्ररीचे एकच सेशन उघडून सर्व विनंत्या त्यातूनच कराव्यात, म्हणजे कुकी आपोआप सोबत जाते. नाशिकमधील दोन ठिकाणच्या स्क्रिप्ट दुरुस्त करताना मला हेच कारण आढळले. आपला कंट्रोलर युनिफाय ओएसवर (युनिफायच्या नव्या उपकरणांवरील प्रणाली) असल्यास विनंतीच्या पत्त्यातील मार्गाच्या सुरुवातीस ‘प्रॉक्सी’ आणि ‘नेटवर्क’ हे दोन भागही जोडावे लागतात; जुन्या उदाहरणांत ते नसतात. मात्र सेटिंग बदलणाऱ्या विनंतीला केवळ कुकी पुरत नाही, तिच्या हेडरमध्ये लॉगिनच्या उत्तरातून मिळालेले सीएसआरएफ टोकनही (विनंती बनावट नसल्याची खूण) द्यावे लागते.