२०२४ मध्ये कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये मिशिगनविरुद्ध ओहायो स्टेट सतत मधूनच रन (बॉल पास न करता हातात घेऊन पळणं) का करत होतं?

माझ्या मते तो हट्ट होता, मिशिगनला त्यांच्याच ताकदीच्या जागी हरवून दाखवायचा, आणि तो चुकलाच. अख्खी मॅच पाहिलीय मी, मधोमध मिशिगनच्या बचावफळीतले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट असे दोन पहाड उभे, इकडे त्यांना अडवून वाट काढून देणाऱ्या आपल्या फळीतले सेंटर मॅकलॉक्लिन आणि लेफ्ट टॅकल सिमन्स दोघंही दुखापतीने बाहेर, तरी बॉल तिथेच घुसवत राहिले, २६ रनमध्ये फक्त ७७ यार्ड! बाहेरच्या बाजूला जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (पास झेलणारा) उभा असताना सेकंड हाफमध्ये एकही पॉइंट नाही, १३-१० ने घरच्या मैदानावर हरलो, हे अजूनही पचत नाही. तीनच आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध स्मिथला सुरुवातीपासून लांब पास दिले आणि ४२-१७ ने उडवलं, म्हणजे प्लेयर तेच होते, कॉल बदलले. पण एक आहे, सगळं खापर आपला ऑफेन्स कोच चिप केलीच्या प्ले-कॉलिंगवर (कुठली चाल खेळायची ते ठरवण्यावर) फोडू नका, आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) हॉवर्डचे दोन इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांनी पकडलेले पास (पहिल्यावर तर मिशिगनला गोललाइनच्या तोंडाशी बॉल मिळाला आणि लगेच टचडाउन) आणि ४० यार्डाच्या आतले दोन फील्ड गोल (किक मारून मिळणारे ३ पॉइंट) हुकले, त्यातला एक जरी बसला असता तरी मॅच बरोबरीत असती.