निवटी पाण्याबाहेर चिखलात जगते कशी? हा नक्की मासाच आहे का?

हो, निवटी मासाच आहे, गोबी नावाच्या माशांच्या नात्यातला, आणि ओहोटीला बाहेर असताना ती ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओलसर पडद्यातून हवेतला ऑक्सिजन घेते, फुफ्फुसं वगैरे काही नसतात. कल्ल्यांच्या पोकळीत थोडं पाणी धरून ठेवते, पुढच्या परांवर रेटा देत सरकते आणि डोळे मधेमधे खोबणीत ओढून ओले करते (बघायला जाम मजा येते). ठाणे खाडीच्या चिखलात मिळते ती बहुतेक बोलिओफ्थाल्मस दुसुमिएरी (हे तिचं शास्त्रीय नाव), हिचं मुख्य खाणं म्हणजे चिखलावरचे डायटम (डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ), त्यासाठी डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत झाडू मारल्यासारखं वरचा थर खरवडते, पण तिथेच दिसणारी पेरिओफ्थाल्मस जातीची भावंडं छोटे खेकडे, किडे खातात, म्हणजे सगळ्या एकसारख्या नाहीत. राहायला चिखलात बीळ, अंडीही त्यातच. फक्त एक, कातडी सुकली की हा सगळा खेळ संपतो, त्यामुळे कोरड्या वाळूत किंवा घट्ट जमिनीवर ती टिकत नाही, भरती-ओहोटीचा मऊ चिखलच लागतो, म्हणून खाडीत भराव टाकला की तिथली निवटी गेलीच समजा.