क्वीनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मधून आत शिरताना

प्रिय दोस्ता,

क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड ऐकायला सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या त्यांच्या गाजलेल्या गाण्यांच्या संचाचं नाव काढलं की जाणकार नाकं मुरडतात, असंही लिहिलंस. मुरडू देत. १९८१ सालचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’च घे. ब्रिटनमध्ये ७० लाखांवर प्रती खपलेला तो पहिला अल्बम आहे, आणि गाणी खरोखरच एकसे एक आहेत. फक्त तिथेच मुक्काम ठोकू नकोस.

आधी संच योग्य निवड. १९८१ साली देशोदेशी यादी वेगळी होती. ब्रिटिश आवृत्तीत १७ गाणी आहेत. सुरुवात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, शेवट ‘वी आर द चॅम्पियन्स’. अमेरिकी आवृत्तीत १४च. तिच्यात ‘अंडर प्रेशर’ आणि ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ ही दोन जास्तीची मिळतात, पण ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’, ‘नाऊ आय’म हिअर’ आणि ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ धरून पाच जातात. तू १७ची घे. अॅपवर आयती मिळणारी ‘बेस्ट ऑफ’ प्लेलिस्ट घेऊ नकोस. तिच्यात लाइव्ह रेकॉर्डिंग मिसळलेलं असतं आणि कशानंतर काय यावं याचा विचार नसतो. शफल (गाणी उलटसुलट क्रमाने लागणं) बंद कर, सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणं) शून्यावर आण. हे क्रॉसफेडचं पुढे फार उपयोगी पडेल.

पहिल्यांदा सलग ऐक. तासाभराच्या आतच संपतो. दुसऱ्या वेळी कागद घेऊन बस आणि प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी लिही: कोणी लिहिलं, मूळ अल्बम कोणता, साल कोणतं. कंटाळा करू नकोस, सगळी किल्ली या कागदात आहे. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहायचे. या १७पैकी फ्रेडी मर्क्युरीची १०, ब्रायन मेची ५, जॉन डीकनची २. रॉजर टेलरचं एकही नाही. याचा अर्थ तो लिहीत नव्हता असा नाही. अल्बमांवर त्याची गाणी आहेत, बरीचशी त्यानेच गायलेली आहेत. पण ब्रिटनमध्ये तोवर त्याचं गाणं सिंगलच्या, म्हणजे अल्बमबाहेर सुट्या निघणाऱ्या तबकडीच्या, मुख्य बाजूवर आलं नव्हतं. हिट्सचा संच म्हणजे गाजलेल्या सिंगल्सची यादी. सिंगल नाही, तर जागा नाही.

आता अल्बमांचा रकाना बघ. ‘जॅझ’ (१९७८) मधली ३ आणि ‘द गेम’ (१९८०) मधली ४. म्हणजे सात गाणी या दोनच अल्बमांतली. १९७३च्या पहिल्या अल्बममधलं एकही नाही. त्यामुळे क्वीन म्हणजे छोट्या, खेळकर, चटकन गुणगुणता येणाऱ्या गाण्यांचा बँड, असा समज होतो. सुरुवातीचा जड गिटारींचा, गाण्याला गाणं जोडत जाणारा क्वीन इथे जवळजवळ दिसतच नाही.

‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ हे एकच उदाहरण घे. संचात ते ‘फ्लॅश’ आणि ‘वी विल रॉक यू’च्या मध्ये येतं, पावणेतीन मिनिटांत संपतं, आणि हे इथे कशाला, असं वाटतं. मूळ जागी, म्हणजे ‘क्वीन २’ (१९७४) मध्ये, ते तबकडीच्या दुसऱ्या, ‘काळ्या’ म्हटल्या जाणाऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आहे. त्या बाजूची सहाही गाणी मर्क्युरीची, बरीचशी एकातून दुसऱ्यात शिरणारी. तेवढं सगळं ऐकून तिथे पोचलास की हेच गाणं समेवर आल्यासारखं वाटतं. शेवटी सगळे मिळून समुद्रकिनाऱ्यावरचं एक जुनं इंग्रजी गाणं म्हणत विरत जातात. पुढचा अल्बम ‘शीअर हार्ट अटॅक’ सुरू होतो तो जत्रेच्या गलक्याने, आणि त्या गलक्यात कुणीतरी तीच चाल शिट्टीवर वाजवतं! त्याआधीच्या पहिल्या अल्बमचा शेवटही याच गाण्याच्या छोट्याशा वाद्यतुकड्याने झाला होता. तीन अल्बमांना बांधणारा हा धागा संचात तुटतो.

कात्रीही चालते. ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ इथे सिंगलसाठी छाटलेलं आहे, ‘जॅझ’वरच्यापेक्षा जवळजवळ मिनिटभर कमी.

तरी काही गोष्टी संचातही मन लावून ऐकण्यासारख्या आहेत. ‘वी विल रॉक यू’ हेडफोनवर ऐक: ड्रम नाहीत, बास नाही, फक्त पाय आपटणं आणि टाळ्या, थरावर थर चढवलेल्या. गिटार शेवटाकडे येते. ‘समबडी टू लव्ह’मधला चर्चचा वाटणारा कोरस मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांच्याच आवाजांचा आहे. आणि मर्क्युरीच्या गाण्यांत पियानो काय करतो याकडे लक्ष ठेव, बहुतेक गाणी त्यावरच उभी आहेत. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत असताना ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये तो पियानोच वाजवायचा.

तिसऱ्यांदा ऐकून झालं की सर्वांत आवडलेल्या तीन गाण्यांभोवती गोल कर. पुढचा अल्बम त्यावरून निवडायचा, सालावारीने नाही. पहिल्या अल्बमपासून क्रमाने निघालेले बरेच जण वाटेतच थांबतात.

‘किलर क्वीन’ आवडलं तर ‘शीअर हार्ट अटॅक’. त्यात ‘टेनेमेंट फन्स्टर’पासून तीन गाणी न थांबता वाहतात आणि ‘नाऊ आय’म हिअर’मध्ये येऊन मिळतात; क्रॉसफेड चालू असेल तर हे सांधे बिघडतात. (‘शीअर हार्ट अटॅक’ नावाचं गाणं मात्र या अल्बममध्ये शोधू नकोस, ते ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’वर आहे.) ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आवडलं तर ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ (१९७५). त्यातलं आठ मिनिटांहून मोठं ‘द प्रॉफेट्स साँग’ पूर्ण ऐक, कारण त्याच्या पोटातूनच ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ सुरू होतं. इतकं लाडकं गाणं, पण या संचात नाही. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आवडलं तर ‘द गेम’, जेमतेम ३५ मिनिटांचा. सिंथेसायझर त्यांनी पहिल्यांदा वापरला तो याच अल्बममध्ये. ‘प्ले द गेम’च्या सुरुवातीलाच ऐकू येतो. त्यानंतर लगेच ‘हॉट स्पेस’ या अल्बमकडे मात्र वळू नकोस. ‘फ्लॅश’ आवडलं म्हणून ‘फ्लॅश गॉर्डन’ घेतलास तर पदरी बहुतांशी सिनेमाचं पार्श्वसंगीत आणि संवादच पडतील.

‘ग्रेटेस्ट हिट्स २’ ऑक्टोबर १९९१ मध्ये आला, मर्क्युरीच्या मृत्यूच्या महिनाभर आधी. त्यातही १७ गाणी आहेत, आणि टेलर तिथे ‘रेडिओ गा गा’ घेऊन भेटतो. पण सत्तरच्या दशकातले निदान दोन अल्बम पूर्ण ऐकल्याशिवाय तो लावू नकोस. ऐंशीच्या दशकातला आवाज फार वेगळा आहे. लागोपाठ ऐकलास तर दोन्हींची चव जाईल. १९९९चा तिसरा संच सध्या राहू दे. त्यात बँडमधल्यांनी एकट्याने केलेली आणि इतरांबरोबरची गाणी मिसळलेली आहेत.

गोल केलेली तीन गाणी कोणती निघाली ते कळव. तिन्ही एकाच अल्बममधली असतील तर प्रश्नच मिटला. तीन ठिकाणची असतील तर सर्वांत जुन्यापासून सुरू कर.

तुझा,
एक जुना श्रोता