कॉपी केसमध्ये कबुली लिहून दिलीय, आता सुनावणीत काय होतं?

तुझा प्रश्न वाचला. साताऱ्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, बेंचखाली सापडलेली चिठ्ठी तुझी नव्हती तरी सरांनी 'माझीच आहे' असं लिहून घेतलं, आता सुनावणीचं पत्र आलंय आणि करिअर संपलं का विचारतोयस. नाही संपलं. पण सुनावणी चुकवू नकोस, काही झालं तरी.

मी सांगलीची, सात वर्षांपूर्वी यातनं गेलेय. बीकॉमला अकाउंट्सचा पेपर, ऐनवेळी माझा कॅल्क्युलेटर बंद पडला म्हणून दादाचा उचलून नेला, त्याच्या कव्हरच्या आत पेन्सिलने बारीक अक्षरात स्टॅटिस्टिक्सचे फॉर्म्युले लिहिलेले, मला पत्ताच नाही. भरारी पथकातल्या मॅडमनी कव्हर काढलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. उत्तरपत्रिका काढून घेतली, ऑफिसात नेलं आणि तिथले एक सर म्हणाले लिही, 'मी कॉपी करताना सापडले, मला मान्य आहे', लिहिलंस की दुसरी उत्तरपत्रिका देतो. पेपरची वेळ चाललीय, हात थरथरतायत, दिलं लिहून.

तोच कागद नंतर सगळ्यात जड जातो. जबाब आपल्या शब्दांत लिहायचा असतो, जे घडलं तेवढंच. बाबांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडनं परीक्षा विभागाला अर्ज लिहून घेतला, कव्हर कुणाचं, जबाब कसा लिहून घेतला सगळं, आणि पोच घेतली. तुला उशीर झाला असला तरी आजच असा अर्ज दे.

आता समितीचं. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समितीची तरतूद आहे, आपल्याकडे तिला परीक्षा प्रमाद समिती म्हणतात. तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1962 लाच घनश्याम दास गुप्ता केसमध्ये सांगितलंय, तिथे पण कॉपीवरून मुलांचा निकाल रद्द केला होता आणि त्यांना विचारलंच नव्हतं. आरोप काय, पुरावा काय ते आधी माग. चिठ्ठी बघायला माग, अक्षर तुझं नसेल तर तिथंच स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून दाखव. माझ्या वेळी समितीने उत्तरपत्रिका उघडून बघितली, फॉर्म्युले दुसऱ्याच विषयाचे निघाले. तरी जवळ सापडलं हेही नियमात बसतं म्हणून तेवढा एक पेपर रद्द झाला, बाकीचे राहिले. वाईट वाटलं, अजून वाटतं, पण वर्ष वाचलं. माझ्याबरोबरची एक मुलगी भीतीने गेलीच नाही, तिची सगळी परीक्षा एकतर्फी रद्द केली.

आमदारांचा फोन वगैरे घरचे सुचवतील, अजिबात नको, सरळ मुलालाच त्याचा त्रास होतो. वकील या टप्प्यावर लागत नाही, आई किंवा बाबांना सोबत ने.

उत्तरपत्रिकेची कॉपी माहिती अधिकारात मिळते, 2011 ला सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलंय, 10 रुपये फी आणि 30 दिवसांची मुदत. निकाल नुसता अडकवून ठेवला तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा, तिने शक्यतो 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तिथे पटलं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, तेही 15 दिवसांत. आणि अगदीच हायकोर्टाची वेळ आली तर मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झालंय, सातारा सांगली दोन्ही त्यातच येतं.

पत्रावर सुनावणीची तारीख काय आहे ते कळव, अर्जात काय लिहायचं ते त्याच्या आधी बसून बघू.