‘ये रे ये रे पावसा’ शिकवताना

अगं, अंगणवाडीत नवीन आहेस म्हणून सांगते. हे गाणं तक्त्यावरून शिकवू नकोस. आभाळ भरून आलं की पोरांना ओसरीवर उभं कर, तळवे पुढे करायला लाव आणि मग म्हण. तिकडे महाबळेश्वरात पाऊस कोसळत असतो, तेव्हा आपण दुष्काळी माण तालुक्यात ढगांकडे डोळे लावून बसलेलो असतो. इथली पोरं पावसाला मनापासून हाक मारतात गं.

‘पैसा’ मात्र दाखवावाच लागतो. चाराणे आणि त्याखालची नाणी २०११ साली चलनातून गेली. मी डब्यात जुनं पाच पैशांचं नाणं ठेवलंय, कडा गुळगुळीत झालेलं. सगळ्यांच्या हातांतून फिरवते.

मडकं वाहून गेलं की एखादं लेकरू रडवेलं होतं. तेव्हा पुढं पळू नकोस. जवळ घे, मडकं कुठं गेलं असेल ते त्यालाच विचार.