ती हसली, थांबली, "पोहोचले" म्हणाली. मग डेट चांगली झाली का?

तुझा प्रश्न मला कळला तो असा. पहिली भेट तासाभराची ठरली होती, चालली तीन तास. ती खूप हसली, निघताना "मस्त वाटलं" म्हणाली, घरी गेल्यावर न विचारता "पोहोचले" असा मेसेजही केला. आणि आता तुझ्या लांबलचक मेसेजांना "हो ना" आणि "हाहा" एवढीच उत्तरं येतायत. तर डेट खरंच चांगली झाली होती, की तुलाच तसं वाटलं?

माझ्याबद्दल इतकंच सांगते की मी हे सगळं दोनदा केलंय. एकदा विशीत आणि पुन्हा घटस्फोटानंतर, चाळिशी ओलांडल्यावर. मधल्या काळात अ‍ॅप आली, केस पिकले, पण भेटीवरून घरी येऊन स्वतःची उलटतपासणी घ्यायची खोड काही गेली नव्हती. आजूबाजूची पोरंही तेच करताना दिसतात, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून नवल वाटलं नाही.

तू दोन प्रश्न एकात मिसळलेत. भेट चांगली झाली का, हा एक. तिला पुन्हा भेटायचंय का, हा दुसरा. संध्याकाळ छान जाऊनही "माणूस चांगला आहे, पण मला नको" असं वाटू शकतं, आणि त्यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. उलटही होतं. पहिली भेट अवघडलेली, अर्धी वाक्यं तोंडातच राहिलेली, आणि तरी पुन्हा भेटावंसं वाटतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्यापाशी आहे. दुसऱ्याचं फक्त तिच्यापाशी आहे, आणि तू ते त्या तीन तासांतून खणून काढायला बघतोयस.

त्या तीन तासांबद्दल आधी बोलू, कारण तुझी सगळी भिस्त त्यावर दिसते. २०२१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम मास्ट्रोयानी, डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेऊन अभ्यास केला: गप्पा संपाव्यात असं लोकांना जेव्हा वाटतं, तेव्हा त्या संपतात का? जवळपास कधीच नाही. दोघांनाही हव्या त्याच वेळी संपलेल्या गप्पा जेमतेम २ टक्के निघाल्या. कोणाला लवकर उठायचं होतं, कोणाला आणखी बसायचं होतं, आणि समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज दोघांनाही धड करता येत नव्हता, कारण सभ्यपणापायी दोघंही ते लपवत होते. म्हणजे तीन तासांवरून एवढंच सिद्ध होतं की तीन तास कोणी उठलं नाही. तिला मजा आली म्हणून उठली नसेल. उठायचं कसं हे सुचलं नाही म्हणूनही उठली नसेल.

हसण्याचंही तेच. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अनोळखी जोड्यांच्या छोट्या ब्लाइंड डेट घडवून आणल्या, त्यावरचा शोधनिबंध २०२२ मध्ये आला. दोघांची नजर, हसू, माना डोलावणं, हृदयाचे ठोके, त्वचेवरचा घाम, सगळं मोजलं. हसण्याला हसू आणि नजरेला नजर मिळणं यावरून आकर्षणाचा पत्ता लागला नाही. लागला तो दोघांचे ठोके आणि घाम एका लयीत वरखाली होण्यावरून. आता घाम मोजायचं यंत्र घेऊन तर कोणी डेटला जात नाही. त्यामुळे "केसांतून हात फिरवला", "माझ्याकडे झुकून बसली", "पाय माझ्या दिशेला होते" वगैरे व्हिडिओ बघून आलेलं ज्ञान सोडून दे. काही माणसं सगळ्यांशीच झुकून बोलतात. काहींना मनापासून आवडलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलताच येत नाही.

बरं, उलटतपासणी करूनही निकाल सरळ लागत नाही, तो का हेही ऐक. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना गप्पा मारायला बसवलं आणि नंतर वेगवेगळं विचारलं: समोरचा तुला किती आवडला, आणि तू त्याला किती आवडला असशील? बहुतेकांनी स्वतःचा भाव कमी लावला. समोरच्याला ते जितके आवडले होते त्यापेक्षा कमी आवडलो, असं त्यांना वाटत होतं. कॉलेजात एका खोलीत राहणाऱ्या मुलांमध्येही हा गैरसमज कित्येक महिने टिकून होता. म्हणजे "मी जास्तच बडबडलो का", "तो विनोद फुकट गेला का" हे जे तू रात्री घोळवतोयस, ते बहुतेकांच्या डोक्यात चालतं, आणि बहुतेकांचा अंदाज खालीच चुकतो.

पण लगेच खूश होऊ नकोस. २०१२ चा एक अभ्यास आहे, विद्यार्थ्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या भेटींवरचा. त्यात बायकांचा आपल्यात किती रस आहे हे पुरुषांनी वाढवून मोजलं, आणि बायकांनी पुरुषांचा रस कमी धरला. माणूस म्हणून तुझा काटा एकीकडे झुकतो, पुरुष म्हणून दुसरीकडे. अशा काट्यावर तू काय तोलणार? शिवाय यातले बहुतेक प्रयोग थोडाच वेळ भेटलेल्या अनोळखी लोकांवरचे. त्यातून घोळक्याचा कल कळतो, ही एक मुलगी कळत नाही.

मग टेबलावर भरवशाचं काहीच नसतं का? असतं. माझ्या मते एकच गोष्ट खरी वजनदार: पुढचा प्रश्न.

समज, तू बोलता बोलता सांगितलंस की गेल्या वर्षी तू नोकरी सोडलीस. यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. "अच्छा, छान." इथे विषय संपला. "अरे, मीपण सोडणार होते, आमच्याकडे तर बॉस असा आहे की..." इथे विषय तिच्याकडे गेला. वाईट काही नाही, गप्पा अशाही चालतात. आणि तिसरं, "घरी कसं सांगितलंस?" हे तिसरं फक्त तेव्हाच येतं जेव्हा समोरच्याने तुझं वाक्य नुसतं ऐकलेलं नसतं, त्यातला तू बघितलेला असतो. आणि तासाभराने, भलत्याच विषयात, "म्हणजे नोकरी सोडतानाही तू असंच शेवटच्या दिवसापर्यंत कोणाला बोलला नव्हतास का?" असं आलं, तर समजावं की मघापासून कोणीतरी तुझी गोष्ट मनात जुळवत बसलंय. हे ठरवून करता येत नाही. हसू आणता येतं, "वॉव" म्हणता येतं, पण आधी सांगितलेला तपशील उचलून त्याला पुढचा प्रश्न जोडायला लक्षच लागतं. २०१७ मध्ये कॅरेन हुआंग आणि सहकाऱ्यांनी स्पीड डेटिंगमधली, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या काही मिनिटांच्या भेटींमधली, संभाषणं तपासली, त्यातही असे पाठोपाठचे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना पुन्हा भेटण्यासाठी जास्त होकार मिळाल्याचं दिसलं.

आता जरा कडू बोलते. तुझा प्रश्न मी पुन्हा वाचला. ती हसली, ती थांबली, ती "मस्त" म्हणाली, तिने मेसेज केला, सगळं आहे. ती कशाबद्दल बोलली, हे एका ओळीतही नाही. तीन तासांत ती तुझ्यावर कशी प्रतिक्रिया देत होती हे तुला पाठ आहे, आणि ती कोण आहे हे त्यात कुठेच नाही. लिहिताना राहून गेलं असेल, मान्य. पण करून बघ: तिच्या प्रोफाइलवर नसलेल्या पाच गोष्टी लिहून काढ. तिला कशाचा राग येतो, सध्या ती कशात अडकलीय, कोणाबद्दल बोलताना तिचा आवाज बदलला. भरभर जमलं तर तुम्ही दोघं बोलत होतात. दोनवरच गाडी अडली तर तीन तास तू बोललास आणि ती चांगली श्रोती होती. चांगले श्रोते हसतात, "मस्त वाटलं" म्हणतात, सुखरूप पोहोचल्याचंही कळवतात. आणि मग "हो ना", "हाहा" लिहितात.

याच यादीतून पहिल्या प्रश्नाचंही उत्तर निघतं. "मी आवडलो का" बाजूला ठेव आणि विचार, मला तिच्याबद्दल आणखी जाणून घ्यायचंय का? तिच्यासमोर मी कसा होतो, सैल की परीक्षेला बसल्यासारखा? मध्ये शांतता पडली तेव्हा ती भरून काढायची घाई झाली का? पहिल्या भेटीत शांतता बहुतेकांना टोचतेच, त्यामुळे ती टोचली म्हणून काही बिघडत नाही. पण एखादी शांतता आली आणि टोचली नाही, तर ती लक्षात ठेवण्यासारखी असते.

"स्पार्क"बद्दल थोडक्यात, कारण तो शब्द येणारच. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डटन आणि अ‍ॅरन यांनी कॅनडातल्या हलत्या झुलत्या कॅपिलानो पुलावर पुरुषांना एका तरुणीच्या प्रश्नावलीची उत्तरं द्यायला लावली, आणि भक्कम पुलावरच्यांपेक्षा या पुलावरच्या कितीतरी जास्त पुरुषांनी नंतर तिला फोन केला. छातीतली धडधड पुलाची आहे की बाईची, हे त्या बिचाऱ्यांना सांगता आलं नसावं. पहिल्या भेटीचा ताण हाही एक हलता पूलच. धडधड झाली म्हणून हुरळू नये, झाली नाही म्हणून माणसावर काट मारू नये. माझ्या माहितीतली कित्येक टिकलेली नाती "पहिल्या भेटीत ठीकठाक वाटलं" याच शेऱ्याने सुरू झालीयत.

मात्र काही गोष्टी अशा आहेत की त्या दिसल्या तर बाकी सगळं छान असूनही डेट वाईट झाली, असं मी बिनदिक्कत म्हणते. हे तुझ्यापेक्षा इथे वाचणाऱ्या मुलींसाठी आहे, पण तूही वाच. छोट्या "नको"चं काय झालं ते बघावं. "उशीर झाला, निघते" म्हटल्यावर समोरून "बरं, रिक्षा मिळेपर्यंत थांबतो" आलं, की "दहा मिनिटं तर थांब ना", मग "इतकी काय घाई", मग "मी बोअर करतोय का" असं एकावर एक आलं? तिसऱ्या वाक्यापर्यंत "नाही नाही, तसं नाही" म्हणत परत बसणारी मुलगी हसतच असते. घराचा पत्ता नेमका कुठला हे खोदून विचारणं, नको म्हटल्यावरही हात धरणं, टेबल पुसायला आलेल्या पोऱ्यावर खेकसणं, आधीच्या प्रत्येक जोडीदाराला वेडं ठरवणं, हे सगळं त्याच खात्यात जमा. तुझ्या तीन तासांत ती एकदा तरी "निघू या" म्हणाली होती का, आणि तू काय म्हणालास, हे आठवून बघ. मी आरोप करत नाहीये. ती सगळ्यात महत्त्वाची जागा आहे आणि तुझ्या वर्णनात ती नाही, म्हणून विचारतेय.

राहिला दुसरा प्रश्न, तिला पुन्हा भेटायचंय का. मेसेज किती मिनिटांनी आला, किती शब्दांचा होता, कुठला इमोजी होता, यावरून काही ठरत नाही. काही लोकांना टाइप करायचाच कंटाळा असतो आणि प्रत्यक्षात ते तासन्‌तास बोलतात. तीन दिवस थांबून मगच मेसेज करायचा हा जुना नियमही निरर्थक. बघायचं ते ठोसपणाकडे. "हो, भेटू कधीतरी" हे वाक्य लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यालाही म्हणतात. "शनिवारी नाही जमणार, रविवारी सकाळी चालेल का?" यात नकारही आहे आणि होकारही, आणि होकार वजनदार आहे, कारण तिने स्वतःहून आपला वेळ चाळून त्यातला एक तुकडा पुढे केलाय.

ही संधी तिला मिळायला तुला नीट विचारावं लागेल. लांबलचक मेसेज थांबव. त्यांत प्रश्नच नसेल तर ती "हाहा"शिवाय लिहिणार तरी काय? एकच पाठव, साधारण असा: "परवा तुझ्याशी बोलून छान वाटलं. तुझ्या आजोबांच्या रेडिओची गोष्ट अर्धी राहिली, ती ऐकायचीय. पुन्हा भेटायला मला आवडेल, या किंवा पुढच्या रविवारी जमेल का? तुला तसं वाटत नसेल तर बिनधास्त सांग, मी समजून घेईन." रेडिओच्या जागी तिने खरंच सांगितलेलं काहीतरी घाल. आठवत नसेल तर ती ओळच गाळ, खोटं रचू नकोस, ते लगेच कळतं. शेवटचं वाक्य मात्र ठेव. नाही म्हणायला वाट ठेवली की हो म्हणणारेही खरं बोलतात.

यानंतर तीनच शक्यता. वार ठरला तर प्रश्न मिटला. "या आठवड्यात खूप बिझी आहे" आलं आणि दुसरा वार आला नाही, तर तो नकार समज. "काही हरकत नाही, मोकळी झालीस की कळव" इतकं लिही आणि पुन्हा विचारू नकोस. चेंडू तिच्याकडे गेला, भेटायचं असेल तर ती कळवेल. आणि काहीच उत्तर आलं नाही तर तोही नकारच. कारण विचारायचं नाही, तिच्या मैत्रिणीला मध्ये घालायचं नाही, ती रात्री किती वाजता ऑनलाइन होती याची नोंद ठेवायची नाही. आठवडाभराने चॅट अर्काइव्ह कर. डिलीट करायची गरज नाही, फक्त रोज नजरेसमोर नको.